लेकरं मोजणाऱ्या बाईची उलटतपासणी

(झरी, जि. परभणी येथे सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरींनो,

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोघीतिघींनी विचारलं, "ताई, परदेशातून आलेल्या माणसांची लेकरं कोठडीत ठेवली, त्यावर चौकशी झाली, भांडण झालं, ह्याचा झरीला काय संबंध? आमच्या इथं रेशनकार्डावर नाव चढवायला महिनोन्‌महिने लागतात, त्यावर बोला की."

प्रश्न रास्त आहे. त्याचं थोडक्यात उत्तर आधीच देते आणि मग सविस्तर बोलते. सरकारच्या ताब्यात असलेल्या लेकरांची मोजदाद करायला कुणी गेलं, की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. लेकरांबद्दलचं बोलणं थांबतं आणि मोजणाऱ्याबद्दलचं सुरू होतं. तू कोण, तुला कुणी पाठवलं, आत्ताच का आलीस, दुसऱ्यांच्या वेळी कुठं होतीस? ह्या प्रश्नांच्या गलबल्यात लेकरं आतच राहतात. हा डाव ओळखायला आपण शिकलो, तर तो ठाण्यात, तहसीलमध्ये आणि रेशनच्या रांगेतही ओळखता येतो. म्हणून हा विषय.

ज्या देशात हे अगदी उघडपणे घडलं तिथून सुरुवात करू. तो देश ऑस्ट्रेलिया. १९९२ साली तिथल्या संसदेनं कायदा केला, की परवानगीशिवाय बोटीनं येणाऱ्या माणसांना कोठडीत ठेवायचं. ही माणसं पुढे बहुतेक इराक, अफगाणिस्तान, इराण, श्रीलंका इथून युद्धाला आणि छळाला कंटाळून येत होती. तेव्हा सत्तेवर मजूर पक्ष होता. पुढे लिबरल पक्ष आला, पुन्हा मजूर पक्ष आला, पुन्हा लिबरल आला. कायदा राहिला. कोठडीला तिकडं तुरुंग म्हणत नाहीत, स्थानबद्धता केंद्र म्हणतात. नाव वेगळं, कुलूप तेच. तुरुंगातल्या माणसाला निदान शिक्षेचे दिवस ठाऊक असतात. इथं सुटकेची तारीखच नाही. अर्जाचा निकाल लागेल तेव्हा सुटका, आणि तोवर आईबरोबर लेकरूही आत.

त्या देशात सरकारनंच कायद्यानं नेमलेला मानवी हक्क आयोग आहे. त्यानं ह्या लेकरांची दोनदा चौकशी केली. पहिली सुरू झाली २००१ मध्ये, आयुक्त सेव्ह ओझडॉवस्की यांच्या देखरेखीखाली, आणि अहवाल संसदेपुढं आला मे २००४ मध्ये. आकडे ऐका. जुलै १९९९ ते जून २००३ ह्या चार वर्षांत २,१८४ लेकरं आत होती. २००३ च्या अखेरीस आत असलेल्या लेकरांचा सरासरी मुक्काम एक वर्ष आठ महिन्यांवर गेला होता. एक लेकरू पाच वर्षांहून जास्त काळ आत होतं. आपल्याकडं एवढ्या काळात लेकरू अंगणवाडीतून शाळेत जातं. आणि ह्या लेकरांपैकी दहात नऊहून अधिक जण शेवटी खरे निर्वासित ठरले. म्हणजे सरकारच्याच कसोटीनं त्यांना आसरा द्यायचाच होता. आधी कोंडलं, मग सांगितलं की तुम्ही खरं बोलत होता.

दुसरी चौकशी २०१४ मध्ये झाली. आयोगाच्या अध्यक्ष होत्या प्राध्यापक जिलियन ट्रिग्ज, कायद्याच्या अभ्यासक. त्यांच्या पथकानं केंद्रांत जाऊन १,१२९ लेकरांशी आणि आईबापांशी बोलणं केलं. सोबत बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ नेले. लेकरांना चित्रं काढायला कागद दिले. चित्रांत गज होते, कुंपण होतं. काही लेकरांना नावाऐवजी बोटीच्या क्रमांकानं हाक मारली जात होती. तपासलेल्या लेकरांपैकी ३४ टक्क्यांना मनाचा असा आजार होता की बाहेर असती तर डॉक्टरकडं न्यावी लागली असती. त्या देशातल्या इतर मुलांत हे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी आहे. जानेवारी २०१३ ते मार्च २०१४ ह्या पंधरा महिन्यांत १२८ लेकरांनी स्वतःच्या अंगाला इजा करून घेतली होती. लैंगिक अत्याचाराच्या ३३ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक लेकरांबद्दलच्या होत्या.

हा अहवाल फेब्रुवारी २०१५ मध्ये संसदेत मांडला गेला. आता तुम्ही म्हणाल, एवढं ऐकल्यावर सभागृहात खाली मान घालून चर्चा झाली असेल. तसं झालं नाही. पंतप्रधान टोनी ॲबट यांनी अहवाल पक्षपाती आणि राजकीय आहे म्हणून झटकून टाकला. आयोगालाच लाज वाटली पाहिजे, असं ते म्हणाले. तुम्हाला काही अपराधी वाटतं का, ह्या प्रश्नाला त्यांनी सरळ नकार दिला. महान्यायवादी जॉर्ज ब्रँडिस यांनी जाहीर केलं, की ट्रिग्ज यांच्यावर आपला विश्वास उरलेला नाही. त्याआधी त्यांच्या खात्याच्या सचिवांनी ट्रिग्जबाईंना भेटून राजीनाम्याचं सुचवलं होतं आणि दुसऱ्या एखाद्या कामाचीही गोष्ट काढली होती. २ मार्च २०१५ रोजी वरिष्ठ सभागृहानं ह्याबद्दल ब्रँडिस यांच्यावर निंदाव्यंजक ठराव मंजूर केला. दोन-तीन आठवडे देशभर एकच वाद चालला, ह्या बाईनं राहावं की जावं. लेकरांचे आकडे मागच्या पानावर गेले.

ट्रिग्जबाई हटल्या नाहीत. मुदत संपेपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, त्या पदावर राहिल्या.

त्या वादातला सरकारी बाजूचा युक्तिवाद मी तुमच्यापुढं प्रामाणिकपणे ठेवते, कारण त्यात थोडंफार वजन आहे. ते म्हणत, सगळ्यात जास्त लेकरं मजूर पक्षाच्या राज्यात आत होती. जुलै २०१३ मध्ये १,९९२. आम्ही आल्यावर आकडा झपाट्यानं कमी केला. मग चौकशी आमच्याच वेळी का? दुसरं म्हणजे बोटी बुडून शेकडो माणसं मेली, त्यात लेकरंही होती. बोटी थांबवायच्या तर कडक राहावंच लागेल.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर अहवालातच होतं. त्यात दोन्ही सरकारांचा काळ तपासला होता आणि दोघांवरही ठपका होता. समजा, चौकशी उशिरा सुरू झाली. उशिरा मोजलेलं लेकरू खोटं ठरतं का? दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर तर मंत्र्यांनीच दिलं. मजूर पक्षाचे माजी मंत्री ख्रिस बोवेन आणि तेव्हाचे मंत्री स्कॉट मॉरिसन यांनी चौकशीत शपथेवर मान्य केलं, की लेकरांना कोठडीत ठेवल्यानं बोटी थांबत नाहीत. मग कशासाठी ठेवलं होतं? ह्या एका प्रश्नावर सभागृहात बोलायला हवं होतं. तो प्रश्न चुकवायचा म्हणून बाईचं नाव पुढं केलं गेलं.

बायांनो, हा डाव आपल्याला नवा आहे का? मथुरा प्रकरण आठवा. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष ठरवलं, तेव्हा तिच्या अंगावर खुणा नाहीत, ती ओरडली नाही, हे पाहिलं गेलं. पोलीस ठाण्यात रात्री काय चाललं होतं ह्यापेक्षा ती कशी होती ह्याची चर्चा जास्त झाली. आपली चळवळ त्याच संतापातून उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. घडलं काय हे सोडून बाईकडं बोट दाखवायची ही सवय जुनी आहे. आधी ती अत्याचार झालेल्या बाईला लावली, मग अत्याचार मोजणाऱ्या बाईला.

आता आपल्या राज्यात या. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांचं नाव इथल्या किती जणींना माहीत आहे? हात वर करा. फार थोडे हात दिसतात. पण बायांनो, आज बाईला ठाण्यात वेगळ्या कोठडीत, बाई शिपायाच्या पहाऱ्यात ठेवायचं आणि बाई पोलीस समोर असतानाच तिची चौकशी करायची, हा नियम आपण सांगतो ना? त्याच्यामागं त्यांची चिठ्ठी आहे. मुंबई मध्यवर्ती कारागृहात त्यांनी पंधरा कैदी बायकांशी बोलणं केलं. त्यातल्या पाचजणींनी सांगितलं, की पोलीस कोठडीत आम्हाला मारलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं निर्मला निकेतन ह्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना आत जाऊन खरं काय ते बघायला सांगितलं, आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल दिला.

ह्याच बाईंना तुरुंगात मुलाखती घ्यायला आधी परवानगी होती. त्यांनी टेपरेकॉर्डर वापरायला सुरुवात केली तशी हरकत आली आणि पुढं परवानगीच काढून घेतली. त्यासाठीही त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. १९८७ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की योग्य नियम पाळून आणि कैद्याच्या संमतीनं अशा मुलाखती घेता येतील. म्हणजे तुरुंगातल्या बाईचं म्हणणं ऐकणं हाही हक्क लढून मिळवावा लागला.

१९८५ मध्ये त्यांनी लेकरांचा प्रश्न हाती घेतला. देशभरातल्या तुरुंगांत सोळा वर्षांखालची लेकरं मोठ्या कैद्यांबरोबर ठेवलेली होती. बारसे यांची मागणी साधी होती. किती लेकरं, कुठल्या तुरुंगात, कशासाठी, त्याची माहिती द्या आणि त्यांना बाहेर काढा. जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांत जाऊन पाहायला सांगा. न्यायालयानं राज्यांना नोटिसा काढल्या, माहिती मागवली. माहिती वेळेवर येईना. तारखा पडू लागल्या. ऑस्ट्रेलियात मोठ्यानं ओरडून उत्तर दिलं गेलं, इथं गप्प राहून. दोन्हींचा परिणाम एकच, लेकरू आत.

तरीही ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायालयानं ठाम आदेश दिला, की लेकरांना कोणत्याही परिस्थितीत तुरुंगात ठेवू नये. राज्याकडं जागा नसेल तर जामिनावर सोडा, पण तुरुंगात नको. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात तपास तीन महिन्यांत संपवा, आरोपपत्र आल्यावर खटला सहा महिन्यांत निकाली काढा. सगळ्या देशाला लागू होईल असा एकच कायदा करा, असंही न्यायालयानं सुचवलं. त्याच वर्षी संसदेनं बाल न्याय कायदा केला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून तो अंमलात आला. आज २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. त्याच्या दहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की लेकराला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येणार नाही. ह्या ओळीच्या मुळाशी एका बाईची यादी आहे.

पण गोष्ट इथं संपत नाही. १९८८ मध्ये बारसे यांनीच अर्ज केला, की माझी याचिका मला मागं घ्यायची आहे. कारण दिरंगाई. असल्या चालढकलीनं लेकरांचं काही भलं होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं याचिका मागं घेऊ दिली नाही. हा लेकरांचा प्रश्न आहे, एकट्या याचिकाकर्तीचा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. त्यांचं नाव वगळलं आणि खटला न्यायालयाच्या विधी साहाय्य समितीकडं सोपवला. ह्या निर्णयावर कार्यकर्त्यांत दोन मतं आहेत. मला त्यात एक धडा दिसतो. मोजणारी थकते. तिला थकवण्याचाच तो मार्ग असतो. म्हणून मोजण्याचं काम एकीच्या अंगावर टाकू नये. वही एकीची असली तरी पानं सगळ्याजणींनी भरायची.

एक फरक नीट समजून घेऊ. बारसे ज्या लेकरांबद्दल बोलत होत्या त्यातल्या बऱ्याच जणांवर निदान गुन्ह्याचा आरोप होता. स्थलांतराच्या कायद्याखाली कोंडलेल्या लेकरावर तोही नसतो. कुणाच्या पोटी, कुठं जन्मलं, एवढंच कारण. आपल्या महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढं सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. तिथं जन्मलेलं लेकरू जन्मतःच कुंपणाच्या आत. आईबापांपासून मुलं वेगळी काढायची सोयसुद्धा त्या कायद्यात होती. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिनं कायदा रद्द करायला सांगितलं आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला. म्हणून आपले पारधी, वडार, कैकाडी बांधव त्या दिवसाला मुक्तिदिन म्हणतात. चौकशीनं काहीच होत नाही असं म्हणणाऱ्यांना ही तारीख सांगा.

आता आजचं. मुंबईतून बांगलादेशी म्हणून माणसं हाकलायची मोहीम १९९८ मध्ये युती सरकारच्या काळात जोरात चालली. त्या जुलैत कुर्ल्याहून हावड्याला जाणाऱ्या गाडीतून नेल्या जाणाऱ्या लोकांना पश्चिम बंगालात उलुबेडिया स्थानकावर जमावानं उतरवून घेतलं. महाराष्ट्र म्हणे हे परदेशी, बंगाल म्हणे हे आमचे नागरिक. दोन सरकारं भांडली. २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा तेच. महाराष्ट्रात पकडलेल्या बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडं ढकललं, आणि ते भारतीय आहेत असं बंगाल सरकारनं दाखवून दिल्यावर परत आणावं लागलं.

आसामात तर तुरुंगांच्याच आत स्थानबद्धता केंद्रं होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे विशेष निरीक्षक हर्ष मंदर जानेवारी २०१८ मध्ये गोलपाडा आणि कोक्राझारच्या केंद्रांत गेले. कोक्राझारला बायका होत्या, त्यांच्याबरोबर लहान लेकरं होती. सहा वर्षांखालचं लेकरू आईबरोबर आत. त्याहून मोठं झालं की त्याचं काय करायचं ह्याला धड नियम नव्हता. मंदर यांनी आयोगाला अहवाल दिला. आयोगानं हालचाल केली नाही, तेव्हा त्यांनी पद सोडलं, अहवाल लोकांपुढं ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २०१९ मध्ये न्यायालयानं, तीन वर्षं आत काढलेल्यांना अटींवर सोडा, असं सांगितलं. पुढं एप्रिल २०२० मध्ये ती मुदत दोन वर्षांवर आणली.

ह्यावर राजकारण कसं झालं पाहा. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं, की आसामच्या सहा केंद्रांत ९८८ माणसं आहेत. पुढच्याच महिन्यात, २२ डिसेंबरला, पंतप्रधानांनी दिल्लीच्या रामलीला मैदानावर सांगितलं, की देशात स्थानबद्धता केंद्रंच नाहीत. त्याच सुमाराला आपल्या राज्यात नवी मुंबईतल्या नेरूळच्या केंद्रावरून गदारोळ चालला होता आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना असं केंद्र होणार नाही म्हणून सांगावं लागलं. मैदानावर आहे की नाही ह्यावर वाद, आणि केंद्रात लेकरू आहेच.

आता झरीचा संबंध सांगते. परदेशी ठरवण्याच्या कायद्यात, १९४६ च्या जुन्या आणि २०२५ च्या नव्याही, आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच टाकलेली आहे. आणि ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या लेकराच्या आईबापांपैकी एकजण जरी बेकायदा ठरला, तरी इथं जन्मूनही ते जन्मानं नागरिक ठरत नाही. म्हणजे सगळा खेळ कागदावर. कागद कुणाकडं नसतो? आपल्या जिल्ह्यातनं कोयते घेऊन जी जोडपी कारखान्यावर जातात, त्यातल्या बाईचं बाळंतपण कोपीवर होतं. जन्माची नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत नाही, इथल्या नाही. पुढं शाळेत नाव घालताना अंदाजानं तारीख टाकतात. बाईचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आधारवर तिसरं. जानेवारी २०२५ मध्ये बांगलादेशींना खोटे दाखले दिल्याच्या आरोपांवरून राज्य सरकारनं उशिरा होणाऱ्या जन्मनोंदींचे दाखले देणं थांबवलं आणि मार्चमध्ये नियम कडक केले. खोटा दाखला पकडावा, त्याला कुणाची ना नाही. पण ती चाळण लावली की आधी कोपीवर जन्मलेलं लेकरू गळतं. आज ते परदेशी ठरत नाही हे खरं. पण कागदाशिवाय लेकरू सरकारपुढं किती उघडं पडतं, हे आपल्याला कळतं. म्हणून बंगालच्या मजुराच्या बायकोचं दुःख आपल्याला परकं वाटायचं कारण नाही.

आणि चौकशीवरून भांडण कसं होतं, ते शिकायला परभणीकरांना ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली, बायकांना घरात घुसून मारल्याच्या तक्रारी झाल्या. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, की त्याला श्वासाचा त्रास होता आणि मारहाणीची तक्रार त्यानं न्यायाधीशांपुढं केली नव्हती. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत मात्र पोलिसांवर ठपका आला. त्याची आई मागं हटली नाही. ४ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला. तो लेकरू नव्हता, पण त्या आईचं लेकरू होता. चौकशी झाली आणि सगळं मिटलं, असं तिनं मानलं नाही.

ऑस्ट्रेलियातही तसंच झालं. २००४ च्या अहवालानंतर सत्ताधारी पक्षातल्याच काही खासदारांनी आवाज उठवला. २००५ मध्ये कायद्यात लिहिलं गेलं, की लेकराला कोंडणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि त्याच वर्षी केंद्रांतली लेकरं कुटुंबासह बाहेर आली. पुढची सरकारं ते विसरली, पुन्हा लेकरं आत गेली, पुन्हा चौकशी करावी लागली. नाऊरू बेटावर ठेवलेली शेवटची लेकरं फेब्रुवारी २०१९ मध्ये बाहेर पडली. एकदा मोजून भागत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

मी बायकांबरोबर ठाण्यात आणि कोर्टात जाते. एका ठाण्यात पकडून आणलेल्या बाईबरोबर दोन लेकरं बाकावर बसवलेली होती. मी विचारलं, ही कधीपासून आहेत, ह्यांची नोंद कुठं आहे? समोरून उत्तर आलं, "तुम्ही कोणत्या पक्षाच्या?" मी म्हटलं, साहेब, पक्ष मग सांगते, आधी लेकरं किती वाजता आणली ते लिहा. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा लिहिलं. बायांनो, एवढंच करायचं असतं. आपल्याबद्दल विचारलं, की प्रश्न परत लेकरावर आणायचा. चिडायचं नाही, आपली बाजू मांडत बसायचं नाही. किती, कुठं, कधीपासून, कुणाच्या आदेशानं. हे चार प्रश्न पाठ करा.

आपल्या गटांनी काय करावं ते सांगते. आईबरोबर तुरुंगात असलेल्या सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियम घालून दिलेत. त्याला कैदी समजायचं नाही, त्याला आहार, दवाखाना, पाळणाघर मिळालं पाहिजे, आत जन्मलं तर जन्माच्या दाखल्यावर तुरुंगाचं नाव येता कामा नये. आपल्या जिल्ह्यात अशी किती लेकरं आहेत, निरीक्षणगृहात किती, बालगृहात किती, हे माहितीच्या अधिकारात दर तीन महिन्यांनी विचारायचं. उत्तर आलं तर वहीत, नाही आलं तर तेही तारखेसह वहीत. लेकरू ठाण्यात दिसलं तर १०९८ ला फोन आणि बाल कल्याण समितीला अर्ज. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायकांची यादी दिवाळीच्या आधी करायची, आणि कोपीवर जन्मलेल्या लेकराची नोंद एकवीस दिवसांत तिथल्या ग्रामपंचायतीत होईल असं मुकादमाला बजावायचं. लेकरू कोणत्या जातीचं, धर्माचं, कोणत्या भाषेत रडतं, हे यादीत पाहायचं नाही.

एक मावशी म्हणतील, बाई, पण घुसखोरांना काय देशात राहू द्यायचं? त्यांना माझं उत्तर असं, की कोण राहील आणि कोण जाईल हे ठरवायला सरकार आहे, न्यायालय आहे, कायदा आहे. त्यानं पुरावा पाहून, बाजू ऐकून ठरवावं. पण तोवर लेकराला कुलपात ठेवायचा अधिकार त्यातून निघत नाही. १९९२ मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केलाय. त्यात लिहिलंय, की लेकराला अटकेत ठेवणं हा शेवटचा उपाय आणि तोही कमीत कमी काळासाठी. ऑस्ट्रेलियानंही हाच करार मान्य केला होता. सही करून लेकरू बाहेर येत नाही, म्हणून तर मोजावं लागतं.

सावित्रीबाई शाळेत जाताना त्यांच्यावर शेण फेकणाऱ्यांना मुलींच्या अक्षरओळखीवर बोलायचं नव्हतं, बाई घराबाहेर का पडली ह्यावर बोलायचं होतं. सावित्रीबाईंनी वाद घातला नाही, शाळा चालू ठेवली. आपण मोजणं चालू ठेवू. चहा झाला की प्रत्येक गटातल्या दोघीजणी माझ्याकडं या. वह्या आणल्या आहेत. पहिल्या पानावर आपापल्या गावातल्या, जन्माची नोंद नसलेल्या लेकरांची नावं लिहून मगच घरी जाऊ.